परक्या गाडीचे काळीज

लाखनीहून साकोलीकडे जाताना महामार्गाच्या कडेला टिनाचे एक लांब छप्पर लागते. त्याच्यावर पाटी नाही. पूर्वी होती, रस्ता रुंद झाला तेव्हा ती निघाली आणि पुन्हा लावायचे कोणाला सुचले नाही. ते आमचे गॅरेज. आजोबांनी ते उभारले, आता बाबा चालवतात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे सरांनी वार्षिकांकासाठी लेख मागितला तेव्हा मोठाच पेच पडला. प्रवासवर्णन लिहावे तर नागपूरपलीकडे मी गेलेली नाही. निसर्गावर लिहावे तर वैनगंगेवर दर वर्षी कोणीतरी लिहितेच, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिते. शेवटी ठरवले, आपल्याला जे येते तेच लिहावे. एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत कसे बसवतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यावरून गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात जो वाद झाला तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

वादाचे कारण आमची जीप. महिंद्राची, १९६६ सालची, सीजे-३बी जातीची. एका सरकारी खात्याच्या लिलावात आजोबांनी ती १९८३ साली घेतली. बाबा सांगतात, तेव्हा तिला दरवाजे नव्हते आणि मागच्या सीटखाली उंदरांनी घर केले होते. पण इंजिन मात्र खणखणीत होते. चार सिलिंडरचे, सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन. विलिस कंपनीने त्याला 'हरिकेन' म्हणजे वादळ असे नाव दिले होते. हे वादळ पेट्रोलही वादळासारखेच पीत असे. लिटरला सात-आठ किलोमीटर चालली तर आजोबा खुश. लग्नाची वऱ्हाडे, दवाखान्यात न्यायचे बाळंतपण, धानाची पोती, पटाच्या दिवसांत गावोगावची माणसे, सगळे त्या जीपमधून गेले. पैसे मिळत ते निम्मे पंपावर परत जात.

त्या काळी डिझेल पेट्रोलच्या निम्म्याहूनही स्वस्त होते. सरकार शेतकरी आणि एस.टी. यांच्यासाठी त्याचा भाव दाबून ठेवी, आणि गाडी चालवून पोट भरणारा प्रत्येक माणूस मनातल्या मनात हिशेब करी की आपली गाडी डिझेलवर चालली असती तर! अशा हिशेबातूनच महाराष्ट्रभर जुन्या जीपांची, अँबॅसेडर गाड्यांची पेट्रोल इंजिने निघाली आणि तिथे डिझेलची बसली. हे काम कुठल्या कारखान्यात झाले नाही. रस्त्याकडेच्या झाडाखाली, आमच्यासारख्या टिनाखाली झाले. त्याचा इतिहास कोणी लिहिला असेल असे वाटत नाही, कारण करणाऱ्यांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते.

आमच्या जीपचे इंजिन बदलले १९९४ साली. महामार्गावर एक ट्रॅक्स उलटली होती. तिचा सांगाडा भंगारात गेला, इंजिन आजोबांनी उचलले. बजाज टेम्पोचे हे डिझेल इंजिन मुळात जर्मनीच्या मर्सिडीजच्या आराखड्याचे, त्यांच्या परवान्यावर पुण्यात तयार झालेले, साधारण २४०० घनसेंटिमीटरचे. आजोबा पुढे कितीतरी वर्षे गिऱ्हाइकांना गंभीर चेहऱ्याने सांगत, "आपल्याकडे मर्सिडीज आहे."

आता ज्यांनी हे काम कधी पाहिले नाही त्यांना वाटेल, एक काढायचे आणि दुसरे ठेवायचे, त्यात काय मोठे? काढणे खरोखरच सोपे आहे. चेन कप्पी लावली, बोल्ट सोडले, दोघांनी झोका धरला की इंजिन बाहेर. अडचण पुढे सुरू होते. जीपचा गिअरबॉक्स जीपच्या इंजिनासाठी केलेला. त्याच्या तोंडाची भोके एका मापाची, ट्रॅक्सच्या इंजिनाच्या पाठीची भोके दुसऱ्या मापाची. मधे पोलादाची एक जाड पाटी बनवावी लागते. तिच्या एका अंगाला एकाची भोके, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याची. भोके पाडणे लेथवाल्याचे काम, पण मध्य शोधणे मिस्त्रीचे. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचा मध्य अगदी एका रेषेत यायला हवा. केसाएवढा फरक राहिला तरी पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. गाडी चालते, लोक पेढे खातात. महिन्याभराने बेअरिंग ओरडू लागते आणि मग गिअरबॉक्सचे दात जातात. आजोबांनी ती पाटी तीनदा बनवली. दोन अजून आमच्या भिंतीला टांगलेल्या आहेत. आजी एकीवर पापड वाळवते.

पाटी जमली तर क्लच जमेना. क्लच प्लेटच्या मधल्या खाचा गिअरबॉक्सच्या दांड्याशी जुळाव्या लागतात आणि तिचा घेर फ्लायव्हीलशी. म्हणजे मधला भाग जीपचा आणि बाहेरचा ट्रॅक्सचा, असे दोन प्लेटांचे लग्न लावावे लागले. त्यानंतर खाली तेलाचा चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगला टेकू लागला. रस्ता सपाट असेल तर ठीक, पण खड्ड्यात पाटे दबले की ठोका बसणार. चेंबरचा तो कोपरा कापून, आत वळवून पुन्हा वेल्डिंग करून घेतला. इंजिन एक इंच वर उचलले. ते वर गेले तसा पंखा रेडिएटरजवळ आला, मधे जेमतेम एक बोट जागा उरली. फाउंडेशनचे रबर जुन्या इंजिनाचे नरम होते. डिझेलच्या थरथरीने ते पंधरा दिवसांत फाटले, तेव्हा ट्रॅक्टरचे कडक रबर कापून लावले. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. ते म्हणतात, त्या दीड महिन्यात जे शिकलो ते त्याआधीच्या दहा वर्षांत शिकलो नव्हतो.

वायपरची तर वेगळीच गंमत. जुन्या जीपचे वायपर विजेवर नव्हे, इंजिन हवा आत ओढते त्या ओढीवर चालत. पेट्रोल इंजिनात ती ओढ आयती मिळते, डिझेलमध्ये तशी मिळत नाही. पहिल्या पावसात ड्रायव्हरच्या शेजारी बसून बाबांनी कापडाने काच पुसत भंडारा गाठले होते. आणि त्याच्याही आधी, इंजिन पहिल्यांदा सुरू झाले त्या संध्याकाळी, आजोबांनी ऐटीत चावी फिरवून ते बंद केले; पण ते बंद होईना! पेट्रोलच्या इंजिनाची ठिणगी चावीने तुटते. डिझेलला ठिणगीच नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटते. त्याचे डिझेल तोडायला वेगळी तार ओढावी लागते, आणि ती तार बसवायची राहिली होती. जमलेली पोरे पळाली. आजी आतून ओरडली, "भूत भरलं का तिच्यात?" बाबांनी पान्याने पंपाचा दांडा दाबला तेव्हा कुठे भूत उतरले.

त्यानंतर जीप लिटरला बारा-तेरा किलोमीटर देऊ लागली, तेही निम्म्या भावाच्या डिझेलवर. आमच्या घराची मागची खोली त्या फरकातून उभी राहिली. आजोबांनी परिवहन कार्यालयात रीतसर अर्ज केला, गाडी तपासून घेतली आणि पुस्तकात 'डिझेल' अशी नोंद करून घेतली. तेव्हाच्या कायद्यात परवानगी घेऊन असा बदल करता येत असे. मग गावोगावचे जीपवाले आमच्याकडे येऊ लागले. आजोबांच्या वहीत अशा तेवीस गाड्यांची नोंद आहे. नोंद म्हणजे अक्षरे थोडी आणि चित्रे जास्त: भोकांची मापे, दोऱ्याच्या गाठीने मोजलेली अंतरे.

चोविसावी गाडी झाली नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सन २००० मध्ये बदलले आणि कारखान्याने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करायला बंदी आली. गॅस किटसारखे काही अपवाद राहिले. पण ट्रॅक्सचे इंजिन जीपमध्ये, हे संपले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ पक्का केला. मधल्या काळात ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव बाजारावर सोडला गेला आणि पेट्रोलशी असलेले अंतर आटून गेले. म्हणजे कायद्याने हात बांधले तेव्हा पोटाची गरज होती, आणि नंतर गरजही उरली नाही. या कायद्याला मी नावे ठेवत नाही. कुठल्याही टिनाखाली कोणीही काहीही जोडून रस्त्यावर आणले तर माणसे मरतील, हे बाबांनाही मान्य आहे. "साऱ्यांची पाटी आपल्या बुवासारखी नाही ना," असे ते म्हणतात. आता ते काळीपिवळीचे क्लच आणि पिकअपचे ब्रेक करतात. इथून थोड्या अंतरावर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे गिअरबॉक्स तयार होतात. त्या भिंतीशेजारून जाताना बाबा दर वेळी गाडीचा वेग थोडा कमी करतात. का, ते मी विचारलेले नाही.

तर गेल्या मे महिन्यात नागपूरचे एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवण्याचा त्यांना नाद. जीपभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडले आणि त्यांचा चेहरा पडला.

"मिस्त्री, हे इंजिन हिचं नाही."

"नाई जी. ट्रॅक्सचं आहे. चौऱ्याण्णवपासून चालून रायलं."

"मूळ इंजिन?"

बाबांनी गोठ्याकडे बोट दाखवले. ताडपत्रीखाली ते होते. वर कोंबड्या बसत. गृहस्थांनी स्वतःच्या रुमालाने धूळ पुसून नंबर वाचला आणि एकदम उभे राहिले. हेच इंजिन परत बसवून द्या, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही मूळचे, गाडी अस्सल होईल, मग मी अमुक देतो, असे त्यांनी सांगितले. तो आकडा ऐकून आजी आतून बाहेर आली. आहे तशी घ्यायची तर निम्म्याहून कमी. मला लगेच हिशेब सुचला. पुढच्या वर्षी बी.ए. झाल्यावर एम.ए.ला नागपूरला जायचे तर खोली, खानावळ, फी. तेवढे सगळे त्या आकड्यात बसत होते आणि वर उरत होते.

बाबा म्हणाले, "जीप विकतो जी. पण तिचं पोट फाडून नाई विकत."

आजी म्हणाली, "तुह्या बापानं बसवलं ते. तू काढशील का?" पण तिच्या आवाजात आकड्याचाही विचार होता, हे आम्हा सर्वांना ऐकू आले.

गृहस्थ रागावले नाहीत. शांतपणे समजावू लागले की जुन्या गाडीची किंमत तिच्या अस्सलपणात असते. परके इंजिन बसवले की गाडी म्हणजे भेसळ. हा 'भेसळ' शब्द मात्र मला लागला. माझे सारे हित त्यांच्या बाजूला असताना मी वाद घालायला बसले.

मी मोबाइलवर अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यती पाहते. घरी सगळे हसतात. पण आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला ही शर्यत समजायला वेळ लागू नये, कारण ती आपला शंकरपटच आहे. वळण नाही, फेरी नाही. सरळ पट्टी, घड्याळ, आणि क्षणाच्या शंभराव्या भागावर निकाल. तिथे अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. आपला पट २०१४ साली न्यायालयाने थांबवला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा सुरू झाला आणि २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यांची शर्यतही आधी रस्त्यांवर चोरून चाले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या हलक्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, त्यांचे मडगार्ड काढून टाकत आणि आत मिळेल ते मोठे इंजिन बसवत. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळावर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या, १९५१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. १९५५ साली शेव्हरोलेचे हलके आणि ताकदवान आठ सिलिंडरचे इंजिन आले, तेव्हापासून फोर्डच्या पोटात शेव्हरोले ही तिकडे नित्याची गोष्ट झाली. आपण इंजिन बदलले ते लिटरला चार किलोमीटर जास्त मिळावेत म्हणून, त्यांनी बदलले ते क्षणाचा दहावा भाग वाचावा म्हणून. पण काम तेच. तीच मधली पाटी, तोच मध्य शोधणे, तीच चेंबरची अडचण. इंजिन दुप्पट ताकदीचे घातले की त्यांचा मागचा अ‍ॅक्सल तुटे. हे मी बाबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बैल तगडा केला तर जू पण तगडं पायजे."

आणि खरी गोष्ट पुढे आहे. तिकडचे शर्यतवाले गाडी विकताना इंजिन बहुधा काढून ठेवत आणि पुढच्या गाडीत घालत. त्यामुळे आज अशी जुनी ड्रॅग गाडी कोणाला सापडते तेव्हा ती पुष्कळदा इंजिनाशिवायच सापडते. तिचे 'मूळ' इंजिन कोणते? कारखान्यातले तर पहिल्याच मालकाने फेकून दिलेले. मग जोडणारा माणूस जुने फोटो पाहतो, त्या काळाला शोभेल असे इंजिन शोधतो, नाही मिळाले तर दुसरेच बसवतो आणि त्यावर भांडणे होतात. पेबल बीच म्हणून जुन्या गाड्यांचे मोठे मानाचे प्रदर्शन आहे. तिथे १९९७ पासून अशा हॉट रॉड गाड्यांना स्वतंत्र वर्ग मिळाला. तिथे कोणी त्यांना भेसळ म्हणत नाही, त्या कोणी आणि कधी बनवल्या ते विचारतात.

मी एवढे बोलले, मग जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. "साहेब, हे बॉनेट इतके उंच का?" त्यांना ठाऊक होते, पण त्यांनी मला बोलू दिले. त्याआधीच्या विलिस जीपचे बॉनेट बसके होते. १९५३ साली कंपनीने जुन्या जीपमध्ये हे हरिकेन इंजिन घालायचे ठरवले. त्याचे आत हवा घेणारे व्हॉल्व्ह वरच्या अंगाला असल्याने ते उंच होते, जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेट आणि पुढची जाळीच उंच केली, आणि त्या जीपला सीजे-३बी म्हणू लागले. म्हणजे तुम्ही जिला अस्सल म्हणता ती जीपसुद्धा परके इंजिन बसवूनच जन्मली. कारखान्यात बसवले तर अस्सल आणि लाखनीच्या टिनाखाली बसवले तर भेसळ, हे कसे?

इतिहासाच्या तासाला पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खननात निघालेल्या स्तूपाबद्दल शिकले होते. तो एकदाच बांधून संपलेला नाही, एकाहून अधिक टप्प्यांत वाढवलेला आहे. नंतरचे थर खरवडून पहिला तेवढा अस्सल, असे कोणी म्हणत नाही. हे मात्र मी त्यांना सांगितले नाही. जीपसाठी स्तूप काढला असता तर आजीनेच मला आत पाठवले असते.

गृहस्थ हसले. म्हणाले, "बेटा, तू म्हणतेस ते पटतं. पण बाजाराला पटत नाही." हे त्यांचे म्हणणेही खरे होते आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी आजोबांची वही पाहायला मागितली. बराच वेळ पाने उलटत बसले. दोऱ्याच्या गाठींच्या चित्रापाशी थांबले आणि बाबांना त्याचा अर्थ विचारला. बाबांनी दोरा आणून दाखवला. चहा झाला. व्यवहार झाला नाही.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, या वेळी पिकअप घेऊन. त्यांच्याकडे दुसरी एक सीजे-३बी होती, चंद्रपूरकडून आणलेली, आणि तिच्यात इंजिनच नव्हते. कोणीतरी कधीतरी काढून नेलेले. आमच्या गोठ्यातले हरिकेन त्यांना तिच्यासाठी हवे होते.

बाबांनी विचारले, "नंबर तर नाई जुळत जी?"

"नाही जुळत," ते म्हणाले, आणि जरा लाजल्यासारखे मान हलवत हसले.

जीपला देत होते तेवढे नव्हे, पण बरे पैसे त्यांनी दिले. माझ्या तिसऱ्या वर्षाची फी त्यात झाली, आणि टिनाची पुढची पाच पत्रे बदलली. नागपूरचे पुढे बघू. इंजिन देण्याआधी बाबांनी दोन दिवस खपून ते उघडले, सिलिंडर तपासले, तेल घातले, हाताने फिरवून पाहिले. तीस वर्षे बसून राहिलेले ते इंजिन पहिल्यांदा फिरले तेव्हा त्याच्या पोटातून कोंबडीची दोन पिसे बाहेर आली. चेन कप्पीने उचलून ते पिकअपमध्ये ठेवले, खाली पोत्यांची गादी घातली, चारी बाजूंनी दोर बांधले. गृहस्थांनी वहीतल्या त्या पानाचा फोटो घेतला. गाडी महामार्गाला लागेपर्यंत बाबा रस्त्यावर उभे होते. मग आत येऊन कोणाच्या तरी काळीपिवळीखाली शिरले.

कोंबड्या त्या संध्याकाळी बराच वेळ गोठ्यात फिरत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आजीने त्या जागी गोवऱ्या रचल्या.